अरबी वाचायला शिकवणारं ॲप: दाभोळच्या पावसाळ्यात अडीच महिने वापरून

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझा मुलगा कुवेतला परत गेला आणि जाताना दोन गोष्टी माझ्या ताब्यात देऊन गेला: नातू आणि टॅब. "अम्मा, रोज पंचवीस मिनिटं. कमी नको आणि जास्त तर अजिबात नको," एवढं सांगून तो दापोलीच्या एसटीत चढला. टॅबवर एक ॲप होतं. घरात अरबी बोलणाऱ्या, पण डिस्लेक्सियामुळे अरबी वाचताना अडणाऱ्या मुलांसाठी केलेलं. मूल जसं उत्तर देईल तसा पुढचा धडा आपोआप बदलतो, ही त्याची मुख्य जाहिरात. अडीच महिने मी नातवाच्या शेजारी मांडी घालून ते वापरलं. पाचापैकी साडेतीन तारे देते. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्या एका टॅबवरच्या, एका पोराच्या आहेत. तेवढ्यावर कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला. पण असं कुठलंही ॲप घेताना काय तपासावं, ते यातून कळेल.

दाभोळात बसून अरबीचं ॲप कशाला, हे आधी सांगायला हवं. मी इथलीच. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. मुलगा एसीच्या कामावर कुवेतला गेला आणि तिथे औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीशी त्यानं निकाह केला. सून इजिप्तची, इस्कंदरियाची, म्हणजे अलेक्झांड्रियाची. दाभोळ बंदरातून एके काळी गलबतं तांबड्या समुद्रापर्यंत जायची, बंदरावरची जुनी मशीद त्याच काळातली, त्यामुळे अरबांचं आम्हाला अप्रूप नाही. पण अरबी बोलणारी सून गल्लीत पहिलीच. ती मला 'मामा' म्हणते, कारण इजिप्तमध्ये आईला तसंच म्हणतात. पहिल्यांदा ती अंगणातून "मामा!" अशी हाक मारत आली, तेव्हा शेजारणी कोण मामा आला म्हणून बघायला बाहेर आल्या होत्या.

नातू नऊ वर्षांचा. घरात त्याला बाबू म्हणतात. आईशी अरबी, माझ्याशी कोकणी आणि मराठीची खिचडी. गोष्टी सांगायला बसला की थांबत नाही. शाळा अरबी माध्यमाची, आणि तिथे दुसरीपर्यंत त्याच्या वहीवर 'आळशी' असाच शेरा. डोळे तपासले, कान तपासले, सगळं ठीक. मग तिसरीत रीतसर तपासणी झाली आणि अहवालावर दोन शब्द आले: 'उस्र अल-किराआ'. वाचण्याची अडचण. 'उस्र' हा शब्द मी लहानपणापासून तोंडपाठ म्हणत आले होते. त्याचा अर्थ पहिल्यांदा कळला तो नातवाच्या अहवालावर.

इथे माझी स्वतःची गंमत सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. मला अरबी वाचता येतं. कोकणातल्या आमच्या सगळ्या पोरींना येतं. सकाळी डोक्यावर ओढणी घेऊन मकतबात, म्हणजे कुराण वाचायला शिकवतात तिथे, जायचं आणि 'अलिफ जबर अ, अलिफ जेर इ, अलिफ पेश उ' घोकायचं. मी खळखळून वाचते, पण कळत एक ओळ नाही. बाबूला ऐकलेलं सगळं कळतं, वाचता एक ओळ येत नाही. अशी ही जोडी टॅबसमोर बसली. बाहेर धो धो पाऊस, मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या. पोराला बाहेर पाठवायची सोय नव्हतीच.

पहिल्या दिवशी ॲप परीक्षा घेतं. वीसेक मिनिटं. एक हुदहुद पक्षी येतो, तुरा हलवतो आणि विचारतो: हा आवाज कुठल्या अक्षराचा? या शब्दातला पहिला आवाज काढून टाकला तर काय उरेल? मग काही चित्रांची नावं भराभर सांगायची. मग अर्थ नसलेले बनावट शब्द वाचायचे, म्हणजे पोरानं पाठ केलेलं काय आणि खरंच जुळवून वाचलेलं काय, ते वेगळं कळतं. हा भाग मला फार आवडला. माझ्या वर्गात एक कोळ्याचा पोरगा होता. धडा घडाघडा म्हणायचा, आणि पुस्तक उलटं धरलेलं असायचं. ते माझ्या लक्षात यायला दिवाळी उजाडली होती. त्याला मी 'सगदा' असा एक शब्द फळ्यावर लिहून दिला असता, तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

परीक्षेनंतर पहिला धडा आला आणि मी चिडलेच. अलिफनंतर थेट मीम! बे कुठाय, ते कुठाय? आमच्या 'कायद्या'च्या, म्हणजे मकतबातल्या अंकलिपीच्या, पहिल्या पानावर अलिफ, बे, ते, से, अशीच ओळ असते. सुनेला व्हॉट्सॲपवर विचारलं. तिनं समजावलं आणि मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. अरबीची नेहमीची ओळ सारख्या आकारांची जुळी-तिळी शेजारी शेजारी बसवते. बे, ते, से यांची होडी एकच. एकीला खाली एक टिंब, दुसरीला वर दोन, तिसरीला वर तीन. जीम, हे, खे यांचं पोट एकच. टिंब आत, टिंब नाही, टिंब वर. दाल-जाल, रे-जे, सीन-शीन, सगळीकडे तीच तऱ्हा. बघून पाठ करणाऱ्याला ही ओळ सोयीची. ज्याची अक्षरं आधीच एकमेकांत घुसतात त्याला ती चकवा लावते. मराठीत घ आणि ध, भ आणि म एकाच दिवशी शिकवायला घ्यावेत, तसं.

ॲपनं काय केलं ते जवळून पाहिलं म्हणून लिहिते. बे ओळखायला सांगितल्यावर बाबूनं तीनदा 'ते' हे अक्षर दाबलं. त्यानंतर 'ते' गायबच झाली. दोन दिवस बेच्या शेजारी फक्त मीम आणि लाम, म्हणजे चुकायची सोयच नाही. तिसऱ्या दिवशी नून आली, जिचं टिंब वर असतं. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये नूनही बेसारखीच होते, तेव्हा शेवटच्या नूनपासून सुरुवात. पाचव्या दिवशी संध्याकाळी, पोराचा हात बेवर पक्का बसल्यावर, हळूच 'ते' परत आली, आणि टिंबं जरा मोठी करून. बाबूनं बरोबर दाबलं. माझ्यापेक्षा जास्त सबुरी आहे या यंत्रात, असं मनात आलं. चाळीस पोरांच्या वर्गात मला ही सबुरी परवडली नव्हती, हे खरं; आणि काही वेळा परवडली असती तरी मी दाखवली नाही, हेही खरं.

अरबी अक्षर जागेप्रमाणे आकार बदलतं. सुरुवातीला एक, मध्ये दुसरा, शेवटी तिसरा, एकटं असलं तर चौथा. शिवाय सहा अक्षरं अशी तुसडी, की मागच्याचा हात धरतात, पण पुढच्याला हात देत नाहीत: अलिफ, दाल, जाल, रे, जे, वाव. त्यामुळे एकाच शब्दाच्या मधोमध फट पडते आणि बाबूला वाटतं शब्द संपला. ॲपमध्ये शब्दाखाली फिकट पिवळी पट्टी येते, एका शब्दाला एक सलग पट्टी, मध्ये फट असो वा नसो. एवढीशी युक्ती, पण पोराचं निम्मं अडखळणं त्यानं गेलं. आमच्या घरी सासऱ्यांच्या आजोबांचं मोडीतलं खरेदीखत आहे. त्यात शब्दांमध्ये जागाच नाही, वरची रेघ आधी मारून खाली एकसलग लिहीत गेलेले. ते मी बाबूला दाखवलं. तो म्हणाला, "दादी, हे वाचणारा मेला असेल ना?"

आता अर्धा तारा कुठे कापला ते. सेटिंगमध्ये 'अक्षरांत अंतर' असं एक बटण आहे. २०१२ मध्ये इटालियन आणि फ्रेंच मुलांवर एक अभ्यास झाला होता, त्यात अक्षरांमधली जागा वाढवल्यावर डिस्लेक्सिया असलेली मुलं लगेच बरी वाचू लागली. तेव्हापासून हे बटण बऱ्याच ठिकाणी दिसतं. पण ती लिपी सुट्या अक्षरांची. अरबी अक्षरं हातात हात घालून चालतात. बटण पुढे सरकवलं आणि शब्द तुटला! एकेक अक्षर एकटं उभं, आकारही एकट्याचा. बाबू म्हणाला, "हा शब्द नाही, ही नावं आहेत." खरंच होतं ते. 'कमळ' लिहायचं सोडून कुणी 'क, म, ळ' लिहून द्यावं तसं. अरबीत जागा वाढवायची तर जोडणारी रेघ लांबवतात, तिला 'कशीदा' म्हणतात, जुने कातिब, म्हणजे हातानं लिहिणारे, ओळ भरायला तेच करायचे. किंवा दोन शब्दांत, दोन ओळींत जागा वाढवावी. शब्दांमधलं आणि ओळींमधलं अंतर वाढवायची सोय ॲपमध्ये आहे आणि ती छान चालते. मी मुलाकडून पत्र लिहून घेतलं. चार दिवसांनी आभाराचं उत्तर आलं. बटण अजून तसंच आहे. घेणाऱ्यांनी त्याला हात लावू नये.

बाकीचा एक तारा गेला तो भाकरीपायी.

पडद्यावर चित्र येतं, भाकरीचं. म्हणजे त्यांच्या गोल रोटीचं. हुदहुद विचारतो, हे काय? बाबू म्हणतो, "ऐश." चूक. पुन्हा, "ऐश." चूक. ॲपला हवं आहे 'खुब्ज', कारण पुस्तकी अरबीत रोटीला खुब्ज म्हणतात. बाबूची आई इजिप्तची, तिच्याकडे रोटी म्हणजे ऐश. त्याचे कुवेती मित्र ऐश म्हणतात ते भाताला! पुस्तकात भात म्हणजे 'अरुज्ज'. आणि मी शेजारी बसून विचार करतेय की आमच्याकडे ऐश म्हणजे गादीवर लोळणं, शब्द तोच, अरबीतूनच आलेला. एका शब्दापायी चार घरं, आणि यंत्राला त्यातलं एकच ठाऊक. पोरानं टॅब पालथा ठेवला आणि ओटीवर जाऊन बसला.

हा नुसता एका शब्दाचा प्रश्न नाही. अरबी भाषा दोन मजली आहे. खाली बोलायची, जी देशागणिक वेगळी. वर लिहायची, 'फुसहा', जी सगळीकडे जवळपास एक आणि घरात कुणीच बोलत नाही. चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषातज्ज्ञानं १९५९ च्या लेखात अशा भाषांसाठी 'डायग्लोसिया' हा शब्द रुळवला, आणि त्याच्या चार उदाहरणांत अरबी होतीच. म्हणजे अरबी मूल वाचायला बसतं तेव्हा अक्षर तर नवं असतंच, पण अक्षर जुळवून जो शब्द हाती लागतो तोही कानाला नवा असतो. ज्याचं जुळवणंच कष्टाचं, त्याला शेवटी बक्षीस म्हणून अनोळखी शब्द मिळतो. आम्हाला हे थोडं ठाऊक आहे. घरी कोकणी बोलणारं पोर शाळेत येतं आणि बाई पुण्याची मराठी मागतात. पण अरबीतलं अंतर याच्या कितीतरी पट.

बोलून उत्तर द्यायच्या धड्यांत तर गोंधळच. जीम या एका अक्षराला पुस्तकात 'ज', इजिप्तमध्ये 'ग', आणि कुवेतमध्ये बऱ्याच शब्दांत 'य'. उंट म्हणजे जमल. बाबू आईसारखं गमल म्हणतो. कोंबडी म्हणजे दजाज. मित्रांसारखं दियाय म्हणतो. ॲप दोन्हींना लाल फुली मारतं आणि वर असं समजतं की पोराला जीम ओळखता येत नाही. की पुन्हा जीमचे चार धडे! अक्षर त्याला चोख ओळखता येत होतं. 'पाणी'ला 'पानी' वाचलं म्हणून पोराला वाचता येत नाही असं ठरवावं, त्यातला प्रकार. मी केलेलं आहे ते. कितीदा, त्याचा हिशेब आता लागणार नाही.

यावर आम्ही आमचा तोडगा काढला. धड्याआधी त्या दिवसाचे शब्द मी मोठ्यानं वाचायचे, कारण मला वाचता येतं. बाबूनं सांगायचं, घरी याला काय म्हणतात. मग दोघांनी वहीत दोन घरं आखायची, 'आईचं' आणि 'पुस्तकाचं', आणि चित्र काढायचं. पंधरवड्यात वही भरली. त्यातच शोध लागला की तिसरं घर हवं, 'दादीचं'. साबण त्याच्या आईकडे साबून, पुस्तकात साबून, माझ्याकडे साबण. दुकान म्हणजे दुक्कान. हिशेब म्हणजे हिसाब. वकील तर तसाच. बाबूला वाटलं मी त्याची थट्टा करतेय. मग मी त्याला वाण्याच्या दुकानावरची मराठी पाटी वाचून दाखवली, तेव्हा पटलं.

याच सुमारास ॲपमध्ये धातूंचा खेळ उघडला, आणि सगळ्या ॲपमधला उत्तम भाग कुठला म्हणाल तर हाच. अरबीत बहुतेक शब्दांच्या मुळाशी तीन व्यंजनं असतात. काफ, ते, बे घ्या. किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लिहिणारा, मकतब म्हणजे लिहायची-शिकायची जागा, मकतबा म्हणजे ग्रंथालय. पडद्यावर झाड येतं, मुळाशी ही तीन अक्षरं जाड आणि निळी, फांद्यांवर शब्द. फांदीवरच्या शब्दातली निळी तीन बोटानं शोधायची. अक्षरामागून अक्षर ओढत नेताना बाबू दमतो, पण तीन ओळखीचे खांब दिसले की मधलं छप्पर तो स्वतः घालतो. मला तर साठी उलटल्यावर कळलं की मी सात वर्षं ज्या मकतबात गेले त्या नावाचा अर्थ काय. मी हे बोलून दाखवलं तेव्हा बाबूनं मला हुदहुदासारखं "शाबाश" म्हटलं. तोही शब्द कुठून आला, हे त्यानं विचारलं नाही हे बरं झालं. तो फारसी आहे.

बदलणाऱ्या धड्यांबद्दल एक सावधगिरी. यंत्राला दोनच गोष्टी दिसतात: काय दाबलं आणि किती वेळानं दाबलं. जुलैत एकदा मागच्या अंगणात कोंबडी पिल्लांसकट पाण्यात अडकली. बाबू उठून धावला, पिल्लं टोपलीत भरून आला, तोवर ॲपनं ठरवलं होतं की पोराला काही येत नाही, आणि त्याला दोन पायऱ्या खाली आणून बसवलं. रडला. थांबायचं बटण वरच्या कोपऱ्यात आहे, बारीक, राखाडी, मला ते तीन आठवड्यांनी दिसलं. उलट प्रकार माझ्यामुळे झाला. पोर अडलं की मला राहवत नाही, मी ओठांतल्या ओठांत उत्तर सांगायची. ॲप खूश! बाबू हुशार समजून एकदम पाच धडे पुढे नेलं आणि तिथे तो असा आपटला की दोन दिवस टॅब हातात घेईना. सून फोनवर म्हणाली, "मामा, तुम्ही त्याला मदत करता तेव्हा यंत्राला तुम्ही दिसता, तो दिसत नाही." तेव्हापासून मी तोंडात सुपारी धरून बसायचे.

आमच्याकडे पावसात लाइट जाते, रेंज तर त्याहून आधी जाते. एक आठवड्याचे धडे आधी उतरवून ठेवता येतात, ही सोय चांगली. बोलायचे धडे मात्र नेटशिवाय चालत नाहीत. त्यासाठी आम्ही धोपाव्याच्या फेरीबोटीच्या जेटीवर जाऊन बसायचो, तिथे रेंज बरी. गाड्या चढण्या-उतरण्याच्या गोंगाटात हुदहुदाला ऐकू येत नसे. बॅटरीचं काही म्हणणं नाही. काचेवर बोटानं अक्षर गिरवायचे धडे मी सरळ बंद केले. काचेवर बोट सरकतं, अक्षर बोटाला लागत नाही. परातीत तांदळाच्या कण्या पसरून त्यात गिरवायला लावलं. शेवटी त्या कोंबडीला घातल्या.

मध्येच एक भलतंच झालं. दापोलीला जाताना रस्त्याकडेच्या दगडावर '१०' दिसलं आणि बाबू म्हणाला, "पंच्याण्णव!" माझ्या पोटात खड्डा पडला. म्हटलं आता आकडेही गेले. रात्री ॲप उघडलं तेव्हा उलगडा झाला. कुवेतच्या शाळेतल्या आकड्यांत पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो, शून्य म्हणजे नुसतं टिंब, आणि आपला एक त्याला नऊसारखा वाटला. पोर बरोबर वाचत होतं, दगड माझ्या लिपीतला होता. गंमत म्हणजे अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, पण आकडा त्यांचाही डावीकडून उजवीकडेच लिहिलेला असतो. ॲप हे वेगळं शिकवतं, बाणासकट. चांगलं करतं.

ऑगस्टच्या मध्यावर पाचवी पायरी आली आणि मला धक्का बसला. जबर-जेर-पेश गेले. सगळे. अरबीत ऱ्हस्व स्वर ओळीत लिहीत नाहीत, अक्षराच्या वर-खाली खुणा करतात. आणि पोरं मोठी झाली की त्या खुणाही काढून घेतात. वर्तमानपत्र, दुकानाच्या पाट्या, सगळं बिनखुणांचं. मी आयुष्यात जे वाचलं त्यात एकेक खूण छापलेली. पडद्यावर काफ-ते-बे असा उघडा शब्द आला आणि मला पुढे जाताच येईना. कतब? कुतिब? कुतुब? मी बाबूकडे बघितलं. तो ओठ हलवत होता. मग म्हणाला, "दादी, 'मुलानं' आहे ना आधी. मग कतबच. मुलानं लिहिलं. कुतुब म्हणजे पुस्तकं, ते इथे कसं येईल?"

त्या दिवसापासून जागा बदलल्या. तो अजूनही हळू वाचतो, टिंबं अजून सांडतो, लांब शब्दाला अर्ध्यात सोडतो. पण अर्थ त्याच्या बाजूनं आहे आणि खुणा गेल्यावर अर्थच उपयोगी पडतो. माझ्या स्वयंपाकघरातल्या घड्याळानं मोजलेलं सांगते: जूनमध्ये चार ओळींना नऊ मिनिटं, ऑगस्टअखेर साधारण तेवढ्याच चार ओळींना चार. यातलं ॲपचं किती, वहीचं किती, आणि शेरे मारणारं कुणी जवळ नव्हतं त्याचं किती, हे मला वेगळं करता येणार नाही. ॲपच्या जाहिरातीला मात्र ते करता येतं असं दिसतं.

किंमत महिना पाच कुवेती दिनार, आपले चौदाशेच्या आसपास. एका वर्गणीत तीन मुलांची खाती. गावात दोन आयांनी विचारलं, मराठीसाठी असं काही आहे का. मी त्यांना सांगितलं, आधी तपासणी करून घ्या, मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आलेली आहे, तेव्हा परीक्षेतल्या सवलतींचं विचारायला लाजायचं कारण नाही. आणि हे अरबी ॲप मकतबातल्या पोरांसाठी घेऊ नका. ज्याला अरबी बोलता येत नाही त्याला त्याचा उपयोग नाही. अर्धे धडे अर्थावर आहेत.

हे मी स्वतःवरून सांगते. तिसरं खातं रिकामं होतं म्हणून एका रात्री मी परीक्षा दिली. वय चौदाच्या पुढे घेत नाही, म्हणून मी चौदा वर्षांची आहे. वाचनात पैकीच्या पैकी. आवाजात नापास. जाल, जे, ज्वाद आणि जोय ही चार अक्षरं मी एकसारखीच म्हणते, मकतबातल्या आमच्या बाईंनी, आपांनी, तशीच शिकवली होती, आणि हुदहुदाला ते चालत नाही. बाबू सप्टेंबरच्या शाळेसाठी कुवेतला गेला. माझं खातं चालू आहे, ज्वादवर अडकलेलं. रोज पाच वाजता टॅब वाजतो आणि हुदहुद विचारतो, आज वाचायचं नाही का. ही सूचना बंद कुठून करतात ते बाबूला माहीत आहे, तो सांगत नाही.